किती बॉक्स?

आमच्याकडे डीजे हा माणूस नसतो. डीजे लावतात. 'यंदा मंडळानं डीजे लावलाय', 'मारुतीच्या बोळात डीजे अडकला', 'पोलिसांनी डीजे उचलून नेला' ही आमची ऐन भाद्रपदातली वाक्यं. त्यामुळे दसऱ्याच्या जेवणाला, श्रीखंडाची वाटी पुढे ओढत, माझ्या पुतण्याने "मी नोकरी सोडतोय, आता पूर्णवेळ डीजे," असं जाहीर केलं तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंना क्षणभर कळेना, की पोरगं माणूस होणार म्हणतंय का सामान.

"किती बॉक्स?" दादांनी विचारलं.

कराड भागात हा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. बेस किती, टॉप किती, जनरेटर कितीचा, यावर मंडळाची इज्जत ठरते. पुतण्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला अडकवलेला पेनड्राइव्ह सोडवून ताटाशेजारी ठेवला. मग दुसऱ्या खिशातून आणखी एक काढला. "एक बिघडला तर," तो म्हणाला.

दादांनी चष्मा लावून दोन्ही नीट पाहिले, उलटे करून पाहिले, आणि श्रीखंड न संपवता उठले. आमच्या घरात श्रीखंड टाकून उठण्याची ती पहिलीच वेळ.

खरं तर कराडात डीजे असंही फार कोणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो डॉल्बी. मी एकतीस वर्षं हायस्कूलवर विज्ञान शिकवलं, त्यामुळे हा शब्द मला दर गणपतीत टोचतो. रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती टेपची खरखर घालवण्यासाठी. माझ्या जुन्या कॅसेट प्लेअरवर त्यांच्या नावाचं बटण होतं. ते दाबलं की सूंऽऽ असा आवाज खाली बसायचा. ज्या माणसाने नको तो आवाज कमी करण्यात हयात घालवली, त्याच्या नावाने आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कपाटातल्या बशा नाचतात. पोलीस दरवर्षी 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे फलक लावतात. त्या फलकाचा काटेकोर अर्थ 'आवाज कमी करण्याच्या तंत्रापासून मुक्त' असा होतो, आणि मंडळं तो अक्षरशः पाळतात.

पुतण्याची लग्नाची बोलणी 'डीजे' याच शब्दावर अडली. इस्लामपूरचं स्थळ होतं. वहिनींनी फोनवर 'संगीतक्षेत्रात आहे' असं सांगून ठेवलेलं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांना हात लावण्याआधी विचारलं, "ट्रॅक्टर स्वतःचा का भाड्याचा?"

"ट्रॅक्टर नाही," पुतण्या म्हणाला.

"मग वाजवता कशावर?"

"जिथं जातो तिथलंच असतं सगळं."

"म्हणजे दुसऱ्याच्या सामानावर, दुसऱ्याची गाणी." त्यांनी इतक्या कमी शब्दांत व्यवसायाची व्याख्या केली की मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. स्थळ अर्थातच गेलं. पोहे मात्र खाऊन गेले.

वहिनींना त्यातल्या त्यात एका गोष्टीचा आधार होता. तो जे वाजवतो त्याला हाऊस म्हणतात, हे त्यांना कळलं होतं. हाऊस म्हणजे घर, म्हणजे घरगुती. घरगुती गणपती, घरगुती मसाले, तसं घरगुती संगीत, सोज्वळच असणार. पुतण्याने हा गैरसमज तसाच राहू द्यायला हवा होता. पण त्याला खरं बोलायची खोड आहे. तो म्हणाला, "आई, तो शब्द वेअरहाऊसवरून आलाय. गोदाम."

शिकागोत १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा क्लब निघाला. न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स नावाचा तरुण तिथे रेकॉर्डी वाजवायला आला. तिथे येणारे बहुतेक काळे, कित्येक समलिंगी. बाहेरच्या जगात ज्यांना धड उभं राहायला जागा नव्हती ते तिथे पहाटेपर्यंत नाचायचे. गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात येऊन लोक म्हणायचे, त्या वेअरहाऊसमध्ये वाजतं तसलं द्या. पुढे 'वेअर' गळालं, 'हाऊस' उरलं. म्हणजे मराठीत याला गोदाम-संगीत म्हणायला हवं. शिकागो शहराने २००४ मध्ये तिथल्या रस्त्याला या फ्रँकीचं नाव दिलं आणि २०२३ मध्ये ती इमारत संरक्षित वास्तू ठरवली. हे मी दादांना मुद्दाम दोनदा सांगितलं. "बघ, डीजेचं नाव रस्त्याला." दादा म्हणाले, "आपल्याकडे रस्त्यावरून डीजे काढायला कोर्टात जावं लागतं."

हाऊस ज्यातून निघालं त्या डिस्कोची गोष्ट याहून चमत्कारिक. १२ जुलै १९७९ ला त्याच शिकागोत कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर स्टीव्ह डाल नावाच्या एका रेडिओवाल्याने टूम काढली. डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटांत आत शिरा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात जमलेल्या रेकॉर्डी पेटाऱ्यात भरून मैदानाच्या मधोमध स्फोटाने उडवल्या. लोक कठड्यांवरून आत घुसले, खेळपट्टीची वाट लागली, आणि दुसरा सामना यजमानांना न खेळताच गमवावा लागला. त्या दिवशी स्टेडियममध्ये लोकांना जागा दाखवायच्या कामावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक काळा पोरगा होता. त्याच्या लक्षात आलं, की आणलेल्यांपैकी कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नाहीतच. फक्त काळ्या गायकांच्या आहेत. पाचच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याने जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' काढलं. हाऊसच्या अगदी पहिल्या छापील रेकॉर्डींत ते मोजतात. जे सुरुंग लावून संपवलं, त्याचंच बी त्या पोराने त्याच गावात पुन्हा पेरलं.

पुतण्या हे सांगताना मला थोडा गहिवर आला होता. वहिनी शेंगा सोलत ऐकत होत्या. "एवढ्या रेकॉर्डी फोडण्यापरीस बोहारणीला दिल्या असत्या," त्या म्हणाल्या, "एखादं पातेलं तरी आलं असतं."

गेल्या गुढीपाडव्याला पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, नवीन रिलीज येतंय." कुठल्या थिएटरला, असं मी विचारलं नाही, एवढी माझी प्रगती झाली होती. दादांनी विचारलं. रिलीज म्हणजे बारा इंची काळी तबकडी, दोन्ही बाजूंना मिळून तीन गाणी, प्रती तीनशे. युरोपातल्या कारखान्यात नंबर लावायचा आणि वाट बघायची. पाडव्याला सांगितलेली रेकॉर्ड दिवाळीला घरी आली. आम्ही कराडकर तीनशे प्रतींना लग्नपत्रिका म्हणतो, आणि त्याही साखरपुड्याच्या. पण पुतण्या म्हणतो, या धंद्यात तीनशे खपल्या तरी खूप. त्यातल्या निम्म्या दुसरे डीजेच घेतात. आमच्या मराठी कवितासंग्रहांसारखंच हे, कवींनी कवींसाठी.

ही बारा इंची तबकडी मुळात एका अपघातातून आली. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन हा नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवून द्यायचा, कारण तीन मिनिटांत गाणं संपलं की जमलेला रंग जातो. एकदा नमुना कापायला गेला तर स्टुडिओतल्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. मोठ्या तबकडीवर कापलं. जागा मोकळी मिळाली म्हणून खाचा ऐसपैस पाडल्या, तर आवाज असा काही भरदार उमटला की पुढे तोच रिवाज पडला. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' बारा इंचावर दुकानात विकायला आलं. गाणं लांबवण्याचं मला काही नवल वाटलं नाही. आमचे कीर्तनकार बुवा एका चरणावर पाऊण तास काढतात, आणि टाळकऱ्यांचा हात थांबत नाही.

तर दिवाळीला दहा प्रतींचं खोकं आलं. पुतण्या पुण्याहून यायच्या आत वहिनींनी ते उघडून, एक रेकॉर्ड बाहेर काढून, देवापुढे पाटावर ठेवून, तिला हळदीकुंकू वाहिलं. कव्हरला नाही. रेकॉर्डला. लक्ष्मीपूजनाला वहीवर स्वस्तिक काढतात, तसं. पुतण्याने ती प्रत पुसली, धुतली, मऊ ब्रश फिरवला; पण तूप लावलेलं कुंकू खाचांत पक्कं बसलं. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदाची. तिसऱ्या गाण्यात दर १.८ सेकंदांनी 'टिक्' येतं. मी घड्याळ लावून मोजलं. पुतण्याने ती प्रत फेकली नाही. बर्लिनमध्ये त्याच्या एका मित्राने ती ऐकून विचारलं म्हणे, हा आवाज कुठल्या यंत्रावर काढलास?

टूर या शब्दानेही आमची अशीच फसवणूक केली. टूर म्हणजे सात रात्री, आठ दिवस, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या आणि संध्याकाळी गरम भजी. याची टूर म्हणजे शुक्रवारी बेंगळुरू, शनिवारी मुंबई, रविवारी गोवा, आणि उन्हाळ्यात चार आठवडे युरोप. त्यातलं त्याने पाहिलं काय? विमानतळ, हॉटेलची पडदे ओढलेली खोली, आणि पहाटे चारची इडली. बर्लिनच्या क्लबांत शिरताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गोल चिकटपट्टी लावतात, आतले फोटो काढायचे नाहीत म्हणून. त्यामुळे मुलगा परदेशात वाजवतो याचा एकही पुरावा वहिनींकडे नाही. भिशीत त्या फक्त चिकटपट्टी दाखवतात. खरीखुरी आहे, जांभळी.

त्याच्या कामातली एकच गोष्ट दादांना मनापासून पटली. मोठा डीजे मध्यरात्रीनंतर येतो. त्याआधीचे दोन तास रिकाम्या जागेत वाजवणारा तो वॉर्मअपवाला. बरीच वर्षं पुतण्या तेच करायचा. त्यात कसब असं, की लोक यावेत, पाय हलावेत, पण कळस गाठायचा नाही; तो पुढच्याचा हक्क. "म्हणजे पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर," दादा म्हणाले. "वाढप्याने जिलेबीला हात लावायचा नाही." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "अवघड काम आहे." त्या दसऱ्यानंतर चार वर्षांनी बापाने मुलाला दिलेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

टूर करता करता कधी तरी म्हातारपण येणारच, तेव्हा काय करणार, असं मी त्याला विचारलं होतं. त्याने मला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगितली. मुंबईतले सिनेमाचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी जपानी यंत्रं जुळवून, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. कोणी विचारली नाही. त्यातल्याच एका यंत्रातून, टीबी-३०३ मधून, पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी 'अ‍ॅसिड हाऊस' काढलं आणि जग वेडं झालं. २०१० मध्ये कोणा डच माणसाने सिंगांची ती रेकॉर्ड पुन्हा छापली, तेव्हा युरोपला साक्षात्कार झाला, की अरे, हे तर मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून गेलंय. मग सत्तरीतले सिंग युरोपात कार्यक्रम करत फिरले. २०१५ मध्ये मुंबईत गेले.

"त्यामुळे काका," पुतण्या म्हणाला, "तुम्हालाही अजून वेळ आहे."

एवढ्यावर मी त्याचं वाजवणं ऐकायला गोव्याला गेलो. मिरजेहून गाडीने मडगाव, तिथून काणकोणची बस, आणि पाळोळे किनारा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हा नियम देशभर आहे. आमच्याकडे तो फलकावर असतो, पाळोळ्याच्या पार्टीवाल्यांनी त्यातून धंदा काढलाय. दारातच प्रत्येकाला हेडफोन देतात. तीन वाहिन्या, तीन डीजे. जी वाहिनी लावाल त्या रंगाचा दिवा कानावर लागतो. लाल, हिरवा, निळा. निळा आमचा.

मी निळ्यावर गेलो आणि पुतण्याचं गोदाम-संगीत ऐकू लागलो. वेग मिनिटाला १२२ ठोके. हे मला माहीत होतं, कारण एकदा तो फोनवर कुणाला "आज १२२ वर ठेवतो" म्हणाला, तेव्हा वहिनी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन धावल्या होत्या. मध्येच मी हेडफोन काढला. शे-दोनशे माणसं नाचताहेत आणि आवाज काही नाही. वाळूत पाय घासल्याची फसफस, श्वास, समुद्र, आणि एक जण डोळे मिटून अतिशय बेसूर गातोय. विसर्जनाला प्रीतिसंगमावर उभं राहून मी जे कधी ऐकू शकलो नाही ते, म्हणजे माणसांचे पाय. रे डॉल्बी इथे असते तर त्यांनी पंचा पसरून बैठक मारली असती.

हेडफोन पुन्हा लावताना बोटाचा धक्का लागून वाहिनी बदलली. पलीकडे 'आप जैसा कोई'. १९८०, कुर्बानी, बिद्दूचं संगीत, नाझिया हसनचा आवाज. बी.एड.च्या वर्षाला होतो. मी दोनच मिनिटं थांबणार होतो.

पहाटे पुतण्या सामान आवरून, म्हणजे दोन पेनड्राइव्ह खिशात टाकून, आला. आम्ही टपरीवर चहा घेतला. मी त्याचं भरपूर कौतुक केलं. शेवटचा भाग तर फारच चढत गेला, म्हणालो. तो बशीत चहा ओतत राहिला.

"काका, कुर्बानी किती वेळा पाहिला होता?"

"तुला कसं कळलं?"

"साडेबारापासून तुमचे कान हिरवे होते."

"तीनदा," मी म्हणालो. "एकदा बाल्कनीत."