खडकीला म्हणजे नेमकं काय?

खडकी बाजारच्या बसथांब्यावर शेजारच्या अम्मा फोनवर मोठमोठ्यानं बोलत होत्या. त्या तमिळ सरबत्तीतून माझ्या हाती एकच शब्द लागला, 'खडकीला'. बाईंना खडकीला जायचंय आणि त्या खडकीतच उभ्या आहेत, हे माझ्यातल्या पुणेकराला सहन होईना. फोन खाली येताच मी सांगून टाकलं, "अम्मा, हीच खडकी."

"माहितीये की हो काका! जन्म इथला माझा. खडकीत आहे, हेच लेकीला सांगत होते."

घोटाळा 'ला'चा होता. बोली तमिळमध्ये नुसता 'ल' लावला की सप्तमी होते. 'वीट्टुल' म्हणजे घरात, 'खडकील इरुक्केन' म्हणजे खडकीत आहे. फोनवर ओरडताना तो लांबला आणि माझ्या कानात मराठी झाला. जायचं असतं, तर अम्मा 'खडकीक्कु' म्हणाल्या असत्या.

थांब्यावरचे तिसरे गृहस्थ दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, घरी तेलुगू बोलणारे. ते हसून म्हणाले, "आमच्यात 'खडकीला' म्हणजे खडकीसारखं. जायचं असेल तर 'खडकीकि'." तेवढ्यात मागून कुणी हिंदीत विचारलं, "खडकी की बस गई क्या?" म्हणजे तेलुगूची चतुर्थी ती हिंदीची षष्ठी! १८१७ च्या लढाईनंतर इथं छावणी वसली, १८६९ मध्ये कारखाना आला, आणि त्यांच्या मागोमाग इतक्या मुलखांची माणसं आली, की एका थांब्यावर अख्खा विभक्तीचा तक्ता उभा राहतो.

शाळेत आम्ही तो तक्ता छडीच्या तालावर म्हणायचो : स, ला, ते, स, ला, ना, ते. द्वितीयेला हेच आणि चतुर्थीलाही हेच. गुरुजींना फरक विचारायची कुणाची छाती नव्हती. आता वाटतं, आपला 'ला' तरी कुठं एका जागी बसतो? 'पुण्याला असतो' म्हणताना तो अम्मांच्या सप्तमीचंच काम करतो. 'पाच तारखेला'मध्ये तो कॅलेंडर सांभाळतो, 'तिला दोन मुलं'मध्ये गोतावळा. 'मी त्याला बोलवायला गेलो, तर तो खडकीला गेला' या एका वाक्यात चार 'ला' आहेत, आणि शेवटचा तर विभक्तीचा नव्हेच, भूतकाळाचा. ठेच लागल्यावर तोंडातून निघणारा 'आयला' कुठल्या विभक्तीत बसवायचा, हे गुरुजींनी सांगितलं नाही. स्वतः मात्र वापरला.

तिकडे तुर्कीत 'अराबायला' म्हणजे गाडीनं. तिथं हाच 'ला' तृतीयेच्या खुर्चीवर.

मग हे सगळे 'ला' एकाच घराण्यातले? तसं वाटतं खरं, पण नाही. आपला 'ला' अभ्यासक जुन्या मराठीतल्या 'लागी'शी जोडतात. तमिळचा 'ल' हा लेखी भाषेतला 'इल्'. जुन्या तमिळमध्ये त्याचा अर्थ घर, जागा असाही होतो. तुर्कीचा 'ला' हा 'इले', म्हणजे 'सह', यातून आला. रोज हजारदा तोंडी येणारा शब्द झिजतो. आधीच्या शब्दाला चिकटतो, धार जाते, एखादं अक्षर उरतं. अक्षरं मोजकी आणि भाषा हजारो, तेव्हा दोन भाषांचं उरलेलं अक्षर सारखं निघणं यात नवल नाही. खडकीचं नाव खडकावरून पडलं, आणि शेजारून मुळा वाहते. नदीतले दोन गोटे सारखेच गुळगुळीत दिसले, म्हणून ते एकाच डोंगरातून आले असं कुणी म्हणत नाही. प्रत्ययांच्या बाबतीत मात्र आपण लगेच सोयरीक जुळवून मोकळे होतो.

अम्मांची बस आली. चढताना त्या वळून म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी वाक्य पूर्ण ऐका." सल्ला व्याकरणशुद्ध होता. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं; तमिळ, तेलुगू आणि तुर्कीतही तसंच. तेव्हा बसमध्ये कुणी 'खडकीला' म्हणालं, तर वाट दाखवायची घाई करू नका. क्रियापद येईपर्यंत थांबा.