दार उघडं, म्हणून दर्जा कमी?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलगी बर्कलीला लागली की पेढे वाटतात. कम्युनिटी कॉलेजात गेली की विषय बदलतात. पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांना तर "कॉलेजात जाते" एवढंच सांगितलं जातं. कुठल्या, ते गाळून. ही लाज मला मुळीच पटत नाही. नेटवर्किंग, क्लाउड आणि प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर या कॉलेजांइतकी सरळ, स्वस्त आणि हात कामाला लावणारी जागा मला दुसरी दिसत नाही.

लाज वाटावी असं यांच्या इतिहासात काही नाही. यांपैकीच इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, सरकारी खर्चाने शिकायला निघाले, आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने सांगितलं, की अशी कॉलेजं लोकांच्या घराजवळ आणि खिशाला परवडतील अशी काढा. आज देशभरात ती हजाराच्या आसपास आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६. प्रवेशपरीक्षा नाही, कटऑफ नाही, वयाची वरची मर्यादा नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटमागे ४६ डॉलर फी. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६० युनिट लागतात, म्हणजे फी झाली २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ खर्च वेगळा. परराज्यातून किंवा परदेशातून आलेल्याला फी कितीतरी जास्त. दोन वर्षं नीट विषय निवडून केली, की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट मोकळी. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेली.

आपल्याला सवय लागली आहे ती कॉलेजचा मोठेपणा त्याने किती जणांना नाकारलं यावर ठरवायची. किती लाख परीक्षेला बसले, किती हजार घेतले, त्यावर कॉलेज थोर. हे सगळं मोजमाप दाराशीच संपतं. शिकवणं आत होतं, तेव्हा आत जाऊ.

नेटवर्किंगच्या लॅबमध्ये सुरुवातीलाच हातात केबल येते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या पिळलेल्या चार जोड्या सोडवायच्या आणि आठ तारा एका ओळीत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं सारखी कापायची, आरजे-४५ कनेक्टरमध्ये घालायची, क्रिम्पिंग टूल दाबायचं, टेस्टर लावायचा. एक ते आठ दिवे क्रमाने लागले की पोरं खूश होतात.

खरा धडा इथून पुढे आहे. कुणीतरी हिरवी जोडी शेजारी-शेजारी लावलेली असते, दोन्ही टोकांना सारखीच. तिसरी तार तिसरीला आणि चौथी चौथीला मिळते, म्हणून साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो. केबल जोडल्यावर मात्र नेटवर्क रखडतं. कारण वेगवान सिग्नल एका पिळलेल्या जोडीतून जायला हवा. इथे तो दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेतून चाललेला असतो. एकमेकींभोवतीचा पीळ ज्या गोंगाटाला मारतो, तो गोंगाट मग आत शिरतो. हिरव्या आणि निळ्या तारांचा तो विचित्र वाटणारा क्रम का पाळायचा, हे त्या दिवशी कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. टेस्टर पास म्हणजे काम पास नव्हे, हेही कळतं. परीक्षेत रंगांचा क्रम पाठ करून लिहिणाऱ्याला हे ज्ञान होत नाही.

मग येतं सबनेटिंग. कागद-पेन्सिल घेऊन नेटवर्कमधल्या यंत्रांच्या पत्त्यांची वाटणी. /२६ चा गट म्हणजे ६४ पत्ते; पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ६२. हे गणित करताना पहिल्या महिन्यात निम्मा वर्ग वैतागतो. पुढच्या सत्रात तोच वर्ग क्लाउडच्या लॅबमध्ये अॅमेझॉनच्या क्लाउडवर स्वतःचं खासगी नेटवर्क उभं करतो. तिथे त्याच /२६ मधून ५९ च पत्ते हाती लागतात. अॅमेझॉन प्रत्येक सबनेटमधले पाच स्वतःकडे राखून ठेवतं: पहिले चार आणि शेवटचा. ज्याने पेन्सिलने ६२ काढले आहेत तो लगेच विचारतो, "बाकीचे तीन कुठे गेले?" जो नुसती बटणं दाबायला शिकला त्याला प्रश्नच पडत नाही. आधी तार, मग पत्ता, मग क्लाउड. हा क्रम चुकवून तीन महिन्यांत 'क्लाउड एक्स्पर्ट' करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, एवढं मी अगदी जीव तोडून सांगते.

क्लाउडच्या लॅबमध्ये दुसरीही शिस्त लागते. सरावासाठी मिळालेलं क्रेडिट ठरावीक असतं. सर्व्हर सुरू करून घरी निघून गेलात, तर तो रात्रभर चालतो आणि क्रेडिट खातो. सोय म्हणून सर्व्हरचा दरवाजा साऱ्या जगाला उघडा ठेवलात, तर थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड चाचपणाऱ्यांच्या ओळी लॉगमध्ये दिसू लागतात. सुरक्षेवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा स्वतःच्या सर्व्हरचा असा एक लॉग जास्त शिकवतो.

या कॉलेजांची आणखी एक ताकद म्हणजे ती जिथे आहेत तिथल्या कामासाठी शिकवतात. व्हर्जिनियातली लाऊडन काउंटी जगातल्या डेटा सेंटरचा सर्वांत मोठा अड्डा. त्याच भागातल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजने २०१८ साली अॅमेझॉनच्या साथीने क्लाउड कम्प्युटिंगची असोसिएट डिग्री जाहीर केली. नवरा राष्ट्राध्यक्ष असताना जिल बायडेन याच कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या. त्या देशाच्या फर्स्ट लेडीला तिथे शिकवण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला आपल्या मुलीचं तिथलं शिकणं सांगताना वाटतो.

आणि प्रोग्रामिंग? नेटवर्कवाल्याला कोड कशाला, हा प्रश्न आता जुना झाला. दोनशे स्विचवर एकच बदल करायचा असेल तर कुणी दोनशेदा लॉग-इन करत बसत नाही. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहितात. चांगला शिक्षक तिथे थांबून विचारतो, "सदतिसाव्या स्विचने उत्तर दिलं नाही तर? तुमची स्क्रिप्ट थांबेल, पुढे जाईल, की अर्धवट बदल करून गप्प बसेल?" प्रोग्रामिंगचा अभ्यास खरा इथे सुरू होतो.

हे तीन विषय वेगळे नाहीत याचा पुरावा आपण सगळ्यांनी भोगला आहे. ४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं. सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारं मुख्य नेटवर्कच तुटलं. अशी धोक्याची कमांड अडवायला एक प्रोग्राम होता. त्यात बग होता, त्याने ती जाऊ दिली. डेटा सेंटरशी संपर्क गेल्यावर नावावरून पत्ता सांगणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनी बीजीपीवरून, म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते कळवतात त्या पद्धतीने, आपला ठावठिकाणा सांगणं थांबवलं, आणि जगाच्या लेखी फेसबुक कुठे आहे हेच नाहीसं झालं. शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावी लागली. चूक कोडची, पडझड नेटवर्कची, बंद पडला क्लाउड. यातला एकच विषय शिकलेल्याला ही घटना नीट सांगतासुद्धा येणार नाही.

या कॉलेजांत सगळं छान आहे असं म्हणणं खोटं ठरेल. मध्येच सोडून जाणारे खूप आहेत. नोकरी, मूल आणि गृहपाठ एकत्र ओढताना एखादं सत्र सुटतं आणि मग परत येणं होत नाही. योग्य सल्ला मिळाला नाही, तर भलतेच विषय घेतले जातात आणि विद्यापीठात ते मोजले जात नाहीत. कंपन्यांचा हातही अभ्यासक्रमात मोठा आहे. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून कॉलेजांना अभ्यासक्रम पुरवते, आणि तिच्यामुळे अनेक साध्या कॉलेजांत चांगल्या लॅब उभ्या राहिल्या हे खरंच आहे. पण कंपनी शिकवते तेव्हा आपला माल वापरणारे हातही तयार करते. म्हणून ओएसपीएफ ही रस्ते ठरवण्याची पद्धत शिकताना राउटर रस्ता कसा निवडतो ते समजून घ्या. सिस्कोच्या कमांड त्यानंतर. तत्त्व कळलं तर उद्या दुसऱ्या कंपनीचा राउटर समोर आला तरी अडणार नाही. सिस्कोच्या सीसीएनए प्रमाणपत्राची परीक्षा ३०० डॉलरची आहे आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. समज त्याहून जास्त टिकली पाहिजे. पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्कची असते, आणि आजकाल तीही सहज मिळत नाही. हे ठाऊक असूनही मी म्हणते, जा.

विशेषतः आपल्या मुलींना म्हणते. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामागून एच-४ वर गेलेल्या कितीतरी मराठी मुली इंजिनिअर आहेत. एच-४ वर काम करायला बंदी होती. २०१५ पासून काही जणींना परवाना मिळू लागला, बाकीच्यांना अजून नाही. शिकायला मात्र कधीच बंदी नव्हती. पाच-सहा वर्षांचा खंड पडलेली मुलगी फ्रीमॉन्टच्या किंवा एडिसनच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घालते, तेव्हा भारतातून फोन येतो: "अगं, तू बी.ई. झालेली. त्या कॉलेजात काय शिकणार?" काकू, ती आज चालणारं तंत्र शिकणार आहे. तिच्या बी.ई.च्या वेळी तिच्या अभ्यासक्रमात क्लाउड नव्हता. तिच्या बाकावर शेजारी सैन्यातून परतलेला माणूस बसतो, दिवसभर ट्रक चालवणारा बसतो, एकोणीस वर्षांचा पोरगा बसतो. प्रत्येकाची केबल एकाच टेस्टरला लागते.

आपल्या राज्याचंही बोलायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. ती कुठे दिसते? शेजारच्या चार घरांत विचारून पाहा. आणि महाराष्ट्राला हे जमणार नाही असं म्हणू नका. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्यात गृहिणींपासून सरकारी कर्मचाऱ्यांपर्यंत लोक माऊस धरायला शिकले. प्रवेशपरीक्षेशिवाय, वयाच्या अटीशिवाय. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेण्याची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. उघडं दार आहे, वर जाणारी शिडीही आहे. दोन्ही एकमेकांना जोडलेली नाहीत. दुकानात काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला नेटवर्किंग शिकायचं असेल, तर त्याने दुकान सोडायचं की शिक्षण?

मागणी साधी आहे. तालुक्याच्या कॉलेजांतल्या कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी सहा ते नऊ उघड्या ठेवा. तिथे क्रिम्पिंग टूल, चार स्विच, दोन राउटर ठेवा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. दिवसा नोकरीत हेच काम करणाऱ्या माणसाला मानधन देऊन संध्याकाळी शिकवायला बोलवा. जो येईल त्याला घ्या, आणि त्याने मिळवलेले श्रेयांक पुढे पदवीत मोजा. श्रेयांक साठवण्याची व्यवस्था नव्या शैक्षणिक धोरणाने कागदावर केलेली आहे. ती या माणसासाठी वापरा. नव्या इमारतीची यात गरज नाही. लॅबची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा आणि या जूनपासून सुरू करा.