पोट्टा करते तरी काय?

नागपुरात माणसाची ओळख दुसऱ्या प्रश्नात होते. पहिला प्रश्न, "कुठचे तुम्ही?" दुसरा, "काय करून राहिले सध्या?" वेकोलि म्हटलं की पगार कळतो, रेल्वे म्हटलं की क्वार्टर कळतं, मिहान म्हटलं की कॅबची वेळही कळते. ‘ट्रेडिंग’ म्हटलं, की तर्री-पोह्याचा चमचा हवेतच थांबतो.

"ट्रेडिंग? म्हंजे इतवारीत दुकान हाय का?"

"नाही काका. शेअर मार्केट. फ्युचर्स, ऑप्शन्स. घरूनच."

घरूनच म्हटलं, की निकाल लागला. पोट्टा रिकामा आहे.

मग सुरू होते चौकशी. "दिवसाचे किती पडतात?" दिवसाचा हिशेब या धंद्यात नसतोच. सोमवारी आठ हजार आले, मंगळवारी अकरा गेले, बुधवारी त्यानं काहीच केलं नाही. त्या आठवड्यातला सगळ्यात शहाणा दिवस बुधवार होता. पण हे ऐकायला थांबतो कोण?

दुसरा प्रश्न मित्राचा. "एखादी टिप दे ना बे." टिप फुकट हवी, शंभर टक्के हवी आणि बुडाली तर दोष देणाऱ्याचा. असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी लागते, हे मित्राला माहीत नसतं. ज्याला माहीत असतं तो नाही म्हणतो. मग गल्लीत बोभाटा, पोट्ट्याला माज आला.

तिसरा प्रश्न आवाज खाली आणून येतो. "माझेही लाव ना थोडे. नफ्यात अर्धे तुझे." दुसऱ्याचा पैसा बाजारात सांभाळायचा तर पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून परवाना लागतो, आणि तिथे एका गिऱ्हाइकाची किमान रक्कमच 50 लाख आहे. चहाच्या टपरीवर हा करार होत नाही. पण धिटाई बघा. याच माणसाच्या घरी लग्नाचं विचारलं, तर "मुलाला नोकरी नाही" म्हणून पत्रिका परत येते.

पोरगी द्यायला तयार नाहीत, एफडी मोडून द्यायला तयार आहेत!

निदान नागपूरकराला तरी याची धास्ती हवी. 2013 मध्ये श्रीसूर्या, 2014 मध्ये वासनकर, दोन्ही इथल्याच गुंतवणूक कंपन्या. जादा परताव्याची आश्वासनं, मग गुन्हे, मग अटक, मग आर्थिक गुन्हे शाखेत ठेवीदारांच्या खेपा. त्यात शिकलेले, पेन्शनवाले, चार पावसाळे जास्त पाहिलेले लोक होते. त्यांनी "दिवसाचे किती पडतात" एवढंच विचारलं होतं. "कुठून पडतात" हे विचारायचं राहून गेलं.

आणि त्याआधीचं नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण? 2001-02 मध्ये बँकेनं होम ट्रेड आणि इतर दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले. रोखे हाती आले नाहीत, दीडशे कोटींच्या घरातले पैसेही परत आले नाहीत. होम ट्रेडच्या जाहिरातीत सचिन, शाहरुख, हृतिक. बँकेच्या खुर्चीवर राजकारणातलं वजनदार नाव. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या न्यायालयानं बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झालं. "काय करता?" या प्रश्नाला उत्तम उत्तर असलेले लोक होते हे सगळे.

प्रतिष्ठा म्हणजे ताळेबंद नव्हे.

मग घरात बसून ट्रेडिंग करणाऱ्या पोराची बाजू घ्यायची का? थांबा. तिथेही सगळं आलबेल नाही.

सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे मांडले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा कमावणारे किती? एक टक्का. बाकीचे 99 कोणत्या तोंडानं याला करिअर म्हणतात?

पुढच्या वर्षी सुधारणा झाली का? 2024-25 मध्येही जवळपास 91 टक्के तोट्यातच होते. आणि तोट्याची रक्कम 74,812 कोटींवरून 1,05,603 कोटींवर गेली. मग सुधारणा कुणाच्या घरी झाली?

आता वय बघा. 2023-24 मध्ये या ट्रेडर्सपैकी 43 टक्के तिशीच्या आतले. पाऊणहून जास्त लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या खाली. यातले पुष्कळ आपल्या ओळखीचे आहेत. अभ्यासिकेत चार वर्षं काढली, एमपीएससीची जाहिरात लांबली, वय निघून चाललं, घरी काय सांगायचं हा प्रश्न उरला. मग एक दिवस मोबाईलवर ऑप्शन चेन उघडली. ट्रेडर झाल्यामुळे त्याला पैसे मिळाले नाहीत. "काय करून राहिला?" याला उत्तर मिळालं.

आणि त्या उत्तराची किंमत बाप भरतो आहे.

काकांच्या डोक्यात लगेच जुगार येतो, तो काही उगाच नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईत यायचे, त्यावर आकडा लागायचा. त्यातूनच पुढे मटका उभा राहिला. कापूस पिकवणारा विदर्भ हे विसरेल कसा? पण काकांची स्मरणशक्ती अर्धीच चालते. भावाची जोखीम घेऊन पोट भरणारी माणसं त्यांच्या शेजारच्या तालुक्यात पिढ्यान् पिढ्या आहेत.

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी. संत्र्याचा व्यापारी बागेत येतो. आंबिया बहार अजून झाडावर, हिरवा. तो ओळीतून फिरतो, फांद्या वाकवून बघतो, फळगळ किती याचा अंदाज घेतो, एखादं फळ चिरून सालीची जाडी बघतो. मग उक्ता सौदा ठरतो आणि शेतकऱ्याच्या हातावर इसार पडतो. भाव चढला, तर बाग त्याची. भाव पडला, बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं, गारपीट झाली, तर अनेकदा तो इसार सोडून दिसेनासा होतो. शेतकरी फळं घेऊन झाडाखाली उभा.

काका, हाच ऑप्शन. इसार म्हणजे प्रीमियम. घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान इसाराएवढं. देणारा मात्र अडकलेला.

फरक कुठे पडतो? व्यापाऱ्यानं बाग बघितली होती. पोट्ट्यानं बाग न बघता इसार दिला. व्यापाऱ्याच्या हातात महिने होते. निफ्टीचा साप्ताहिक ऑप्शन मंगळवारी संपतो. म्हणजे त्या दिवशी बाग सकाळी घ्यायची आणि दुपारी साडेतीनला फळ पिकलंच पाहिजे. यात कमावणार कोण?

कमावणारे आहेत. 2023-24 मध्ये खर्च वजा जाण्याआधीचा हिशेब असा: स्वतःच्या पैशानं खेळणाऱ्या दलाली संस्थांना 33,000 कोटी, परदेशी गुंतवणूकदार संस्थांना 28,000 कोटी. आणि यातला 95 टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमचा, म्हणजे संगणकाचा. समोर बसलाय कोण हे न बघता नंदनवनातला पोट्टा दोन बोटांनी बटण दाबतो आहे.

जुलै 2025 मध्ये सेबीनं अमेरिकेच्या जेन स्ट्रीट समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. निर्देशांकाचा भाव वाकवल्याचा ठपका, 4,843 कोटी रुपये गोठवण्याचे निर्देश. कंपनीनं आरोप नाकारले. खरंखोटं कोर्टकचेरीत ठरेल. पण ‘माझी स्ट्रॅटेजी’ म्हणून फुशारकी मारण्याआधी प्रत्येकानं तो आदेश वाचावा. वाचून हात थरथरला, तर पैसे वाचतील.

कमावणारे दुसरेही आहेत. क्लासवाले. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ चालवणाऱ्यावर सेबीचा आदेश, 17 कोटींच्या वसुलीचा. डिसेंबर 2025 मध्ये अवधूत साठे यांच्या ट्रेडिंग अकादमीवर अंतरिम आदेश, 546 कोटींचा. आदेश अंतरिम आहे, हे लक्षात ठेवू. पण आकडा बघा. शिकवून एवढे जमतात तर ट्रेडिंग कशाला करायचं?

या धंद्यातला खात्रीचा नफा फीच्या पावतीत आहे.

सरकारचं काय? आयकर खात्याच्या लेखी फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न हे धंद्याचं उत्पन्न. आयटीआर-3 भरा, हिशेबाच्या वह्या ठेवा, खर्च दाखवा. मुदतीत विवरणपत्र भरलं, तर यातला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. पण तोट्यातलं पोरगं विवरणपत्र भरतच नाही. सीए बापाच्या ओळखीचा असतो. लाजेपायी तोटा लपवला, लपवला म्हणून तो वळता करायचा हक्कही गेला. पैसे दोनदा बुडाले!

आणि आता विदर्भाच्या जखमेवर बोट ठेवतो. डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं सात शेतमालांचे वायदे थांबवले. त्यात सोयाबीन आहे, हरभरा आहे. महागाईचं कारण दिलं, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. यवतमाळ, वाशीमच्या शेतकऱ्याला पेरताना पुढचा भाव कळावा, तो बांधून ठेवता यावा, यासाठीच तर वायदा जन्माला आला. त्याच्यासाठी दार बंद. त्याच्या पोराच्या मोबाईलवर मात्र निफ्टीचा ऑप्शन सताड उघडा.

ज्याला जोखीम टाळायची होती त्याला वायदा मिळेना. ज्याच्याजवळ जोखमीचा पैसाच नाही त्याला मिळून राहिला. हे धोरण कोणत्या शहाण्याचं?

राहता राहिला तो एक टक्का. तो आहे. त्याच्यावर अन्याय होतो, हे मी ठामपणे म्हणतो. तो नऊ वाजता टेबलाशी असतो, सव्वानऊला बाजार उघडतो, किती गेले की थांबायचं हे त्यानं आदल्या रात्री लिहून ठेवलेलं असतं. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. दलाली, एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क. तो एकेक ओळ वहीत उतरवतो. कारण 2023-24 मध्ये माणशी सरासरी 26,000 रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेले होते, आणि तो सरासरीत बसायला तयार नाही. त्याला "नोकरी बघ" सांगणाऱ्या काकांनी शेवटचा हिशेब कधी लिहिला होता?

तोही एक चूक करतो. "फायनान्समध्ये आहे" म्हणून विषय बदलतो, किंवा नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवतो. दोन्हीमुळे शंका वाढते. स्क्रीनशॉट कुणीही दाखवतो. तोट्याचा दिवस सांगायला छाती लागते.

म्हणून विचारायचंच असेल तर नीट विचारा. मागच्या तीन वर्षांचे आयटीआर आहेत? धंद्याचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा वेगळ्या खात्यात आहे? कर्ज काढून तर खेळत नाहीस ना? आणि सगळ्यात वाईट दिवशी किती गेले, दुसऱ्या दिवशी काय केलंस?

या प्रश्नांना सरळ उत्तरं आली, तर तो धंदेवाईक माणूस आहे. त्याला मान द्या, पत्रिका परत पाठवू नका, टिप मागू नका.

उत्तरं आली नाहीत, तो चिडला, उठून गेला, तर हसू नका. सेबीच्याच पाहणीनुसार सलग दोन वर्षं तोटा होऊनही पाऊणहून जास्त लोक खेळतच राहिले. तो त्यांच्यातलाच एक आहे. हरून राहिला आहे आणि घरात कुणाला सांगता येत नाही. त्याला उपदेश नको, शेजारी बसून हिशेब बघणारं माणूस हवं. अ‍ॅप बंद करायला, उधारीची यादी लिहायला, बापाला सांगायला सोबत हवी.

आणि ती आजच द्या. एक्स्पायरी दर मंगळवारी येते.