टूबवाले काकाजी

कडी न वाजवता घरात शिरण्याचा हक्क आमच्या गल्लीत दोघांनाच आहे. एक मांजर आणि दुसरे काकाजी. मांजर दुधाच्या वासाने येतं, काकाजी खाजवण्याच्या आवाजाने.

मे महिना होता. यवतमाळात मे महिन्यात पंख्याखाली बसलेला माणूसही भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी शेकून निघतो. घामाने माझ्या जांघेत एक लाल चट्टा उठला होता आणि मी तो वर्तमानपत्राच्या आडोशाने खाजवत होतो. वर्तमानपत्र हललं आणि काकाजी हजर.

"काहून खाजवून रायला रे बापू? कुठी हाय?"

जागा सांगण्यासारखी नव्हती.

"लाजतं काय? तीस वर्सं जिनिंगमंदी काटा सांभायला म्या. कापूस मुठीत दाबला का वलावा सांगतो. तुह्या खाजीची काय बात हाय!"

हे मात्र खरं. काकाजी जिनिंगमध्ये काट्यावर होते. गाडीतला कापूस मुठीत धरून, डोळे मिटून ते ओलाव्याचा टक्का सांगत आणि मशीनही पुढे तोच आकडा दाखवी, असं ते स्वतः सांगतात. निवृत्तीनंतर हातात कापूस उरला नाही, म्हणून त्यांनी माणसं दाबायला घेतली.

त्यांच्या हाताखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. आत मलमाच्या नळ्या, शेपटीकडून पानाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या. कुठल्याच नळीचं नाव काकाजींना ठाऊक नाही, त्यांची ओळख रंगावर आहे. निळी खाजेची, हिरवी गजकर्णाची, पांढरी चेहरा उजळायची. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. निळी आणि हिरवी सख्ख्या बहिणी निघाल्या. दोघींच्या पोटात एक औषध जंतूंसाठी, एक बुरशीसाठी आणि एक जोरदार स्टेरॉइड. पांढरीत रंग फिका करणारं औषध होतं, पण स्टेरॉइड तिच्यातही होतंच. नळ्यांवर लाल रेघ होती आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी ओळ होती. ती रेघ काकाजींना नक्षी वाटत असे.

"तीन-तीन औषधी, एका पैशात," ते म्हणाले. "अन् वरून तर्री. लावजो दोन टाइम. परवा येऊन सांगजो."

परवापर्यंत थांबावं लागलं नाही. दुसऱ्याच रात्री खाज गेली, चट्टा फिकटला, आणि मी काकाजींना आलुबोंडा खाऊ घातला. त्यांचं सगळं वैद्यक या आलुबोंड्यावर उभं आहे. ज्याला दोन दिवसांत बरं वाटतं तो आलुबोंडा घेऊन येतो. ज्याला दोन महिन्यांत वाईट होतं तो लाजेने येत नाही. त्यामुळे काकाजींच्या हिशेबाच्या वहीत आजवर एकही नापास नाही.

मी आठवडाभर लावलं, थांबलो, चट्टा परत आला. पुन्हा लावलं, पुन्हा गेला, पुन्हा आला. जून सरेपर्यंत तो मांडीवर उतरला होता आणि त्याने एक नवी कला शिकून घेतली होती. गोलाच्या आत गोल, त्याच्या आत आणखी गोल, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तसे. काकाजींनी तो कौतुकाने पाहिला. "फुटून रायलं. आतली घान बाहीर येते," म्हणाले, आणि हिरवी नळी काढली.

शेवटी मी सरकारी दवाखान्यात चामडीच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ते गोल पाहिले आणि नाव-गाव विचारण्याआधीच म्हणाल्या, "टूब कुणी दिली?" मग चट्ट्याच्या कडेचा कोंडा पातीने खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही डोकावू दिलं. बुरशीचे तंतू, पऱ्हाटीच्या मुळ्यांसारखे पसरलेले.

"तुमच्या शेतात जागल असते का?" त्यांनी विचारलं. असते, रानडुकरांमुळे. "मग असं समजा, तुम्ही जागल करणाऱ्याला झोपेची गोळी दिली. रात्रभर डुकरांनी वावर खाल्लं. आरडाओरडा झाला नाही म्हणून तुम्ही सकाळी खूश." खाज आणि लाली म्हणजे शरीराची जागल. स्टेरॉइड ती झोपवतं. इसबात जागल्या उगाचच ओरडत असतो, तिथे त्याला झोपवणं हेच औषध. बुरशीत मात्र डुक्कर खरं असतं.

स्टेरॉइडला शिव्या देऊन त्या थांबल्या नाहीत, हे मला आवडलं. हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून इसब शमतं, हे १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं. त्याआधी इसबाच्या रोग्याच्या नशिबी डांबराचा लेप आणि रात्रभर खाजवणं होतं. तेव्हा औषध मोठं गुणाचं आहे, पण ते कुठे, कोणतं, किती आणि किती दिवस लावायचं याला हिशेब आहे. कातडी काही सगळीकडे सारख्या जाडीची नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली मोजलं. हाताच्या पुढच्या भागात जेवढं हायड्रोकॉर्टिसोन मुरतं ते १ धरलं, तर तळहातातून त्याहून थोडं कमी, कपाळातून ६ पट, जबड्याच्या कडेला १३ पट, आणि जांघेच्या अगदी शेजारी पुरुषाची जी नाजूक जागा आहे तिथून ४२ पट. ४२ हा आकडा आम्हा यवतमाळकरांना फक्त पाऱ्यावर पाहायची सवय. माझे कान तापले.

मला पोटात घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, त्याही कित्येक आठवडे. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्यालाही घेऊन या. ही बुरशी आता इतकी चिवट झाली आहे की नेहमीच्या औषधांना बरेचदा दाद देत नाही. तिच्या एका जातीला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं. देशाचं नाव शास्त्रात अमर झालं. या साथीला अशा मिसळ मलमांचा हातभार लागला, असं अनेक त्वचातज्ज्ञ मानतात. काकाजींचा वाटा खारीचा असेल, पण आहे.

त्यांच्या भाच्याची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण पोरगा अजून गल्लीत राहतो. मुलगी पाहायला जायचं होतं, म्हणून काकाजींनी पांढरी नळी दिली. महिनाभर चेहरा असा उजळला की मावशीने दृष्ट काढली. पुढच्या दोन महिन्यांत गालावर पुटकुळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि उन्हात पाऊल टाकलं की आग. नळी सोडली तर चेहरा टोमॅटोसारखा फुले, लावली तर शमे. हळदीच्या आधीच पोरगा लाल झाला. त्वचातज्ज्ञांनी या प्रकाराला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असं सरळ नावच ठेवलं आहे. २०११ साली छापून आलेल्या एका पाहणीत देशभरातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्या ४३३ पैकी निम्म्याहून अधिक जणांना तो सल्ला डॉक्टर नसलेल्या कुणी दिला होता. म्हणजे काकाजी फक्त यवतमाळात नाहीत.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत घातली. तोवर लावायच्या मलमांना त्यातून सूट होती. काकाजींवर या अधिसूचनेचा परिणाम एवढाच झाला, की औषधीच्या दुकानात ते जरा हळू आवाजात बोलू लागले.

परिणाम झाला तो 'स्टेरॉइड' या शब्दाचा. तो मीच त्यांच्या कानावर घातला, आणि चुकलो. तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाचा काटा मधे राहत नाही. एका बाजूने उठला की थेट दुसऱ्या टोकाला जाऊन आपटतो. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होता आणि काकाजी घरोघर नळ्या जप्त करत होते.

"स्टेराइड हाय बापा थे! हाडं गयतात, किडन्या सडतात. फेका!"

शेजारच्या दम्याच्या पोराचा इनहेलरही त्यांनी उचलला, कारण त्यावरही तो शब्द होता. पोराच्या आईने त्यांना झाडू घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचवलं. तिचं बरोबर होतं. इनहेलर काढून घेणं ही गंमत नव्हती.

मग ते स्वतःच्या घरी पोचले.

काकींच्या हातांना जुनं इसब आहे. भांड्यांची पावडर, लसूण, ओली मिरची. तळवे भेगाळून रक्त येई. त्यांना डॉक्टरांनीच स्टेरॉइड मलम लिहून दिलं होतं. तळव्यांची कातडी जाड, म्हणून जोरदार, पण फक्त तळव्यांवर, दिवसातून एकदा, १४ दिवस. माप बोटाचं. नळीच्या तोंडातून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि तेवढं दोन तळव्यांना बोटांसकट पुरतं. चोळायचं नाही, पातळ पसरायचं. बाकी दिवसभर हात धुतले की साधं व्हॅसलीन, आणि भांडी घासताना सुती मोज्यांवर रबरी हातमोजे.

"फेक थे," काकाजी म्हणाले.

काकींनी रेघ काढली. पेराशी थांबल्या.

"अन् एवढुसं? एवढुशानं काय होते?"

"तुमी तुमच्या कापसाचं पाहा," काकी म्हणाल्या. "माह्या हाताचं मी पायतो. तुमच्या काट्यावर वजनात कट्टी होते. माह्या बोटावर होत नाही."

ज्या माणसाने शेतकऱ्यांच्या क्विंटलांवर आयुष्य काढलं त्याला हे घरातच ऐकावं लागलं. काकाजी ओट्यावर जाऊन बसले. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर काकी रोज एक फुली मारत गेल्या. तळवे मऊ झाले, भेगा मिटल्या. चौदावी फुली पडली त्या दिवशी त्यांनी नळीचं झाकण लावलं.

काकाजींनी ते तळवे मुठीत धरून पाहिले. डोळे मिटले. ओलावा बरोबर असावा.

परवा ते पुन्हा माझ्याकडे आले. पलीकडच्या गल्लीत एकाची मान खाजते आहे म्हणे. "काकीची टूब लय गुनाची हाय. अर्धी उरली हाय, वाया काहून घालायची?"

पंधरा ग्रॅमच्या त्या नळीतले जेमतेम सात ग्रॅम वापरले गेले आहेत. उरलेली नळी गोदरेजच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली काकींच्या कमरेला.