किल्लीबहाद्दरांस अनावृत पत्र

रा. रा. किल्लीबहाद्दर, मेंटेनन्स, रात्रपाळी यांस,



लॉगबुकातली आपली नोंद वाचली : 'पीएलसी प्रॉब्लेम. रीसेट केला. ओके.' इतक्या थोड्या शब्दांत इतकं काही लपवायला प्रतिभा लागते. अभिनंदन!

मिक्सर मधेच थांबला, बॅच आत अडकली आणि प्रोसेसरचा ओके दिवा लाल लुकलुकू लागला. आपल्या कंट्रोललॉजिक्स पीएलसीच्या प्रोसेसरवर लाल दिवा ठाम पेटला, तर त्याने मान टाकली, प्रोग्रॅमही मेमरीतून गेला असं समजावं. लुकलुकत असेल, तर तो शुद्धीवर असतो आणि कुठं दुखतंय ते सांगायला तयार असतो; कुणी विचारायचीच खोटी. लॅपटॉप जोडून 'मेजर फॉल्ट्स' उघडलं असतंत, तर वेळ, टाइप, कोड, रुटीनचं नाव आणि लॅडरची कितवी ओळ, सगळं मिळालं असतं. चोराने पिनकोडासकट पत्ता लिहून जावा, तसं. पण आपला हात थेट प्रोसेसरवरच्या किल्लीवर. प्रोग, रन, पुन्हा प्रोग, परत रन. फॉल्ट गेला, सोबत पुरावाही गेला.

हेच तिसऱ्यांदा घडलं, तेव्हा आपण निदान केलंत : 'प्रोसेसरच बाद आहे.' दमट हवेलाही सहआरोपी केलंत. मग स्टोअरमधला एकुलता एक स्पेअर नुसत्या हातांनी काढून बसवलात. स्थिर विजेपासून बचाव करणारा मनगटी पट्टा अजून त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सुरक्षित आहे. नव्या प्रोसेसरमध्ये जुनाच प्रोग्रॅम भरलात आणि पुढच्या आठवड्यात तोच दिवा, तसाच लुकलुकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीही अगदी कोरा करकरीत!

परवा मिक्सर अडवणारी तीच ऑर्डर सकाळपाळीत आली. किल्लीला कुणी हात लावला नाही, एवढ्यावर गुन्हेगार सापडला : टाइप ४, कोड २०. म्हणजे ॲरेच्या हद्दीबाहेरचा नंबर मागितला गेला. आपल्या मिक्सरच्या रेसिप्यांचा ॲरे दहा खणांचा. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा खण नऊ नंबरचा. ऑपरेटरने टचस्क्रीनवर १० टाइप केलं, स्क्रीनने निमूट घेतलं, प्रोग्रॅमने न तपासता पुढं ढकललं आणि नसलेला खण शोधताना प्रोसेसर थांबला. मशीन अडलं म्हणून ऑपरेटर दुसरी रेसिपी निवडायचा, त्यामुळे आपली किल्ली दरवेळी चमत्कारी ठरायची. दहा नंबरचा माल रात्रीच निघायचा, हा दमट हवेचा दोष म्हणावा काय?

इलाजात प्रोसेसरला बोटही लावावं लागलं नाही. स्क्रीनवर ० ते ९ ची मर्यादा घातली, आणि ॲरेला हात घालण्याआधी नंबर तपासणारी एक ओळ लॅडरमध्ये टाकली.

इतर कोडही असेच चुगलखोर आहेत. टाइप ६, कोड १ : टास्क ठरल्या वेळेत संपलं नाही, एखादं लूप अडकलंय का बघा. टाइप ३, कोड १६ : आवश्यक ठरवलेल्या आयओ मॉड्यूलशी संपर्क तुटला, केबल आणि त्या रॅकचा सप्लाय बघा. टाइप ४, कोड ३४ : टायमरमध्ये उणे आकडा शिरलाय, तो कुठून आला ते शोधा. यांतला एक तरी कोड 'नवा प्रोसेसर आणा' म्हणतोय का?

तेव्हा एक नम्र विनंती. पुढच्या वेळी दिवा लुकलुकला की किल्लीआधी पेन उचला. लॅपटॉप लावता येत नसेल, तर दिव्यांचा फोटो काढा, कोणती रेसिपी चालू होती ते लिहा आणि येणाऱ्याला येऊ द्या. प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसतात, मान्य. पण पाच मिनिटं वाचवण्याच्या नादात आपण कंपनीला एक प्रोसेसर आणि तीन बॅचेस भेट दिल्यात, हेही त्यांना कधीतरी कळेलच.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, नोंद असावी.

आपला,
सकाळपाळीतला इन्स्ट्रुमेंटवाला