खड्डा न काढता राफ्ट सोडवणाऱ्या डिझायनरसाहेबांना

साहेब,

हे पत्र उघड लिहावं लागतंय, कारण आरएफआय पाठवला की तुमच्या ऑफिसातून दर वेळी एकच वाक्य येतं : ‘टिपिकल डिटेलप्रमाणे काम करावे.’ ते टिपिकल डिटेल आत्ता माझ्या हातात आहे आणि पुढ्यात पुण्याच्या मुरमात ब्रेकर लावून खोदलेला लिफ्टचा खड्डा आहे. या दोन्हींची गाठ तुम्ही आजवर घालून दिलेली नाही. आता साइटवर ती घालायची पाळी माझ्यावर आणि फिटर मुकादमावर आली आहे.

‘मॉडेल एका झटक्यात रन झालं, एकही एरर नाही,’ असं तुमचा असिस्टंट फोनवर म्हणाला. खरं बोलला. मॉडेलमध्ये लिफ्टचा खड्डाच नाही, मग एरर येणार कशाची? मी फाइल मागवून उघडून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत १००० मिमी जाडीची सपाट प्लेट, त्यावर निळ्या-हिरव्या-लाल रंगांचे पट्टे. सगळ्यात गडद लाल पट्टा लिफ्टच्या कोअरखाली. बरोबर तिथेच, जिथे प्रत्यक्षात राफ्ट तुटतो आणि १६०० मिमी खाली जातो. अख्ख्या इमारतीत सर्वांत जास्त लोड जिथे उतरतो, तिथलीच भूमिती तुम्ही गाळलीत.

तुमच्याच कंटूरमध्ये खड्ड्याच्या कडेशी ५०० किलोन्यूटन-मीटर प्रति मीटरच्या वर मोमेंट दिसतो. तो पुढे कुठे जातो? मॉडेलमध्ये सरळ पलीकडे जातो, कारण तिथे सलग काँक्रीट आहे. साइटवर पलीकडे हवा आहे. मोमेंटला वळून खड्ड्याच्या भिंतीतून खाली उतरावं लागेल, खड्ड्याच्या तळातून पलीकडे जावं लागेल आणि समोरच्या भिंतीतून पुन्हा वर चढावं लागेल. त्या भिंतीसाठी तुमचं टिपिकल डिटेल काय देतं? २०० मिमी जाडी आणि १० मिमीचे बार २०० अंतराने. एम ३० काँक्रीट आणि एफई ५०० स्टील धरून आकडेमोड केलीत तर ही भिंत मीटरमागे जेमतेम २५ किलोन्यूटन-मीटर घेते. पाचशेच्या वाटेवर पंचवीसचा दरवाजा. शिवाय वर ३०० मिमीची शिअर वॉल उभी आहे आणि तिच्याखाली ही २०० ची. हे कोणीही कागदावर पाच मिनिटांत काढू शकतं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. लागतं ते सेक्शनकडे एकदा बघणं.

मुकादमाने मला विचारलं, ‘साहेब, तळाचा पंचवीसचा बार खड्ड्यापाशी कापू, वर वळवू की खाली वाकवून नेऊ?’ इमारतीच्या पायातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या माणसाने विचारला. तुमच्या ड्रॉइंगमध्ये त्याचं उत्तर नाही. तिथे एक तुटक रेघ आहे आणि ‘सी टिपिकल’ असा बाण आहे.

खाली वाकवून नेला असता तर काय झालं असतं, तेही ऐका. राफ्टच्या तळाचा बार ताणात असतो. आडवा येऊन तो खाली वळला, की ताण वळणाच्या आतल्या बाजूला जोर लावतो. आतली बाजू म्हणजे मातीकडचं कव्हर. बार सरळ व्हायला बघतो आणि कव्हर फोडतो. म्हणून तिथे बार वळवायचा नसतो. तो सरळ पुढे काँक्रीटमध्ये पूर्ण डेव्हलपमेंट लेंग्थने घुसवायचा आणि उताराचे वेगळे बार खालून वर राफ्टमध्ये तेवढेच न्यायचे. दोन्ही बार कोपऱ्यात एकमेकांना ओलांडून जातात. एम ३० मध्ये २५ मिमीच्या बारला सुमारे ११३० मिमी लांबी लागते. २०० च्या भिंतीत ती कुठून आणायची? पण तळाला ४५ अंशांचा उतार दिलात, तर १.२ मीटर खाली उतरताना काँक्रीट आडवंही तेवढंच जाडावतं आणि जागा आपोआप मिळते. मुरूमही त्या उतारावर टिकतो, मागे विटांचं शटरिंग बांधावं लागत नाही. हे डिटेल जुनं आहे आणि चालत आलेलं आहे. तुम्हाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. काढायचा कंटाळा केलात.

जाडीचंही तेच. मॉडेलमध्ये खड्ड्याचा तळ १००० चा, ड्रॉइंगमध्ये ६०० चा. वाकण्यातला ताठरपणा जाडीच्या घनावर ठरतो, म्हणजे तो पाचव्या भागाच्या आसपास आला. मधला भाग एवढा लवचिक झाल्यावर मोमेंट आजूबाजूच्या राफ्टकडे सरकणार. तेव्हा त्या राफ्टचं स्टीलही ज्या आकड्यांवर दिलंत, ते आकडे या इमारतीचे नाहीत.

आता पाणी. सॉइल रिपोर्टमध्ये लिहिलंय की पावसाळ्यात पाणी जमिनीखाली २ मीटरपर्यंत चढतं. दोन बेसमेंट आहेत, राफ्टचा माथा ७ मीटरवर. सपाट मॉडेलमध्ये राफ्टच्या तळावर ६ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे ६० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. त्यातून राफ्टचं वजन २५ वजा, वरच्या दिशेला ३५ उरले. खड्ड्याचा तळ ९.२ मीटरवर आहे. तिथे दाब ७२, वजन फक्त १५, उरले ५७. दीडपटीहून जास्त, तेही कमी जाडीच्या स्लॅबवर. बेसमेंटमध्ये पहिलं पाणी लिफ्टच्या खड्ड्यातच का भरतं, हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. रहिवासी वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या देतात. तडा गेलेल्या स्लॅबवर तो बिचारा काय करणार?

आणि स्प्रिंग. विंकलरने १८६७ साली मांडलेली कल्पना तुम्ही वापरलीत, चांगलं केलंत. पण त्या स्प्रिंगांना ताण घेऊ दिलात. माती राफ्टला खाली ओढून धरत नाही, साहेब. कॉम्प्रेशन-ओन्ली करून नॉनलिनिअर रन घ्यायला हवा होता. शिवाय स्प्रिंगच्या ताठरपणासाठी २०० च्या एसबीसीला २५ मिमी सेटलमेंटने भागलं की ८००० येतात, आणि बोल्सच्या सूत्राने सेफ्टी फॅक्टर ३ धरला की २४,०००. तिपटीचा फरक. दोन्हींवर रन घेऊन मोठा आकडा धरणं एवढंच हातात असतं, तेही झालेलं नाही. पंचिंगमध्ये खड्ड्यापासून ३०० मिमीवरच्या कॉलमला सॉफ्टवेअरने चारही बाजूंचा पूर्ण परिघ दिला, कारण त्याला खड्डा दिसलाच नव्हता. आयएस ४५६ परिघ इफेक्टिव्ह डेप्थच्या निम्म्यावर मोजते. तुमच्या राफ्टला ते अंतर ४६० मिमीच्या आसपास येतं, म्हणजे एका बाजूला परिघ खड्ड्याच्या कडेबाहेर लटकतोय. लिफ्टवाल्याने पाठवलेल्या ड्रॉइंगवर बफरच्या रिअॅक्शन लिहिलेल्या आहेत. त्या कुठल्याच लोड केसमध्ये मला सापडल्या नाहीत.

मागच्या प्रकल्पात तुम्ही उलटं केलं होतंत. खड्ड्याच्या जागी सरळ ओपनिंग. तेही चुकीचंच. ओपनिंग दिलं की खालची माती गेली, पाण्याचा दाब गेला आणि पलीकडे जाणारी वाटही गेली. त्याला सुरक्षित बाजूचं गृहीतक म्हणू नका.

खड्डा मॉडेलमध्ये काढणं अवघड नाही. तळाची प्लेट खऱ्या पातळीवर घ्या, भिंती शेलने काढा, राफ्टची कड आणि भिंतीची वरची कड एकाच नोडवर येते का ते मेशमध्ये बघा, स्प्रिंग तळाला द्या. मग कडेवरचा मोमेंट हाताने तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमची फी त्यासाठीच ठरली होती.

तळाचा मॅट मी खड्ड्याच्या कडेपासून दोन मीटरवर थांबवलाय आणि आरएमसीची तारीख रद्द केलीय. मालक कारण विचारतील तेव्हा मी तुमच्या ड्रॉइंगचा नंबर सांगणार आहे. मला १:२० चा सेक्शन हवा आहे : दोन्ही दिशांचा, प्रत्येक बार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दाखवणारा, लांबी लिहिलेला, तुमच्या सहीचा. त्यावर ‘टिपिकल’ हा शब्द दिसला तर ड्रॉइंग त्याच दिवशी परत येईल.

आपला,
साइट इंजिनिअर