नेटअण्णा

सांबऱ्यात विमानतळ आहे, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि नेटअण्णा आहेत. पहिल्या दोघांची नोंद सरकारदरबारी आहे, तिसऱ्यांची नाही. पण गावात कुणाचा रिचार्ज कोणत्या तारखेला संपतो, ही नोंद सरकारकडे नसून अण्णांकडे आहे. बेळगावपासून निपाणीपर्यंत गल्लीला एक असे अण्णा निघतात. आमचे विमानांच्या आवाजावरून बोलत आलेले, म्हणून जरा मोठ्याने सांगतात इतकंच.

"वर्षाचे म्हैने किती?" ही त्यांची सलामी. बारा म्हणालात की सापडलात. "तीनशे पासष्टला अठ्ठावीसनं भाग की! तेरा रिचार्ज. देवाचा अधिकमास तीन वर्सांनी येतोय, ह्यांचा दरवर्सी. आणि वाण आमी द्यायचं!" 2022 साली ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवायला लावला. अण्णांनी तो अजून घेतलेला नाही. आधी त्याचा दिवसाचा भाव काढायचा आहे, आणि तो काढून होईपर्यंत दर बदलतात.

त्यांच्या खिशात दोन सिमं. एक बेळगावचं, एक हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाऊन घेतलेलं. कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं. रोमिंगच्या काळात हद्द ओलांडली की येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2013 साली ट्रायने त्याची कमाल मर्यादा मिनिटाला 75 पैशांवर आणली, 2015 मध्ये 45 वर. कोगनोळीच्या पाहुण्यांकडे अण्णा जेवायला बसत कर्नाटकात, फोन मात्र पलीकडचा टॉवर धरून महाराष्ट्रात. मग ताट हातात घेऊन ते सोप्यातून परसात, परसातून गोठ्यात असे आपला टॉवर हुडकत फिरायचे. म्हशीशेजारी रेंज मिळाली की तिथेच भात कालवायचे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, देशभर रोमिंग फुकट झालं, पाठोपाठ बाकीच्यांनीही ते सोडून दिलं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. मोबाईलचा सीमाप्रश्न मात्र मिटून गेला. अण्णांना त्याचं मनापासून वाईट वाटलं. शिनोळीचं सिम त्यांनी अजून टाकलेलं नाही. "निकाल लागूदे, मग बघू."

तंत्रज्ञान त्यांना कळतं, हे मान्य केलंच पाहिजे. रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यातलं बी म्हणजे बिट, आणि आठ बिटांची एक बाईट होते, हे त्यांनी कट्ट्यावर बसून अख्ख्या गल्लीला पाठ करायला लावलंय. म्हणजे सेकंदाला आठ केबी. चार एमबीचा फोटो यायला साडेआठ मिनिटं. "तेवढ्यात चा होतोय," असं म्हणून ते तुमच्याच घरात चहा सांगतात.

फाइव्ह-जी का मिळत नाही, याचं त्यांच्याकडे तयार उत्तर आहे, आणि वैताग असा की ते खरं आहे. विमान किती उंचीवर आहे हे मोजणारं यंत्र 4200 ते 4400 मेगाहर्ट्झवर चालतं. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा त्याच्या जरा खालीच. म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांना कळवलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरच्या आत 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचे टॉवर उभारू नका. अण्णांनी हे अंतर चालून मोजलंय. नेट अडकलं की वर बघतात, "थांब की जरा, विमान उतरू लागलंय." त्यांचा फोन फोर-जीचाच आहे, हे त्यांच्या नातवाने एकदा सांगून पाहिलं. त्या दिवसापासून नातवाला हॉटस्पॉट बंद.

दिवसभर ते डेटा असा जपतात, की पुतण्याचं पुण्यातलं लग्न त्यांनी मोबाईलवर 144पीमध्ये पाहिलं. मुंडावळ्या दिसल्या म्हणून "सुखी हो बाळा" असा तोंडभर आशीर्वाद दिला, तर ती नवरी. पण उरलेला डेटा रात्री बाराला बुडतो, ही त्यांची दुखरी नस. साडेअकरा वाजले की हा माणूस कर्ण होतो. कुस्त्या, कीर्तनं, दुबईतलं कुणाचं तरी घर, सगळं एचडीमध्ये.

"अवो, झोपा की आता," आतून काकू.

"आठशे एमबी उरल्यात. झोप लागंल कशी?"

गेल्या वर्षी सुनेने घरात फायबर घेतलं. डेटाला हद्द नाही, बाराचा काटा नाही. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर राउटरच्या दिव्यावर गेली आणि जिवात जीव आला. दहा वॅटचा राउटर चोवीस तास, म्हणजे महिन्याला सात युनिट! कर्नाटकात गृहज्योतीची फुकट वीज दोनशे युनिटपर्यंत, त्यातही ज्याच्या त्याच्या जुन्या सरासरीला बांधलेली. ती मर्यादा ओलांडली की वरचं बिल आपलं. आता रात्री दहाला ते राउटरची पिन उपटतात, आणि सून आपल्या मोबाईलला रोज दोन जीबीचा वेगळा रिचार्ज मारते.

"तो कितीचा बसला गं?" अण्णांनी विचारलं. तिने सांगितलं. अण्णांनी भागाकार केला. "महाग घेतलीस."